यूडीआयडी कार्ड: मोबाईलवरून अर्ज कसा करायचा?

डोंगरकड्याहून ताईचा फोन आला. तिच्या सहा वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. "सुरुवात कुठून करू रे?" मी म्हटलं, आधी यूडीआयडी. 'स्वावलंबन कार्ड' पोर्टलवर मोबाईलवरूनच अर्ज होतो: आधार, फोटो, पत्ता आणि तपासणीसाठी हॉस्पिटलची निवड. नाव आधारवर आहे तसंच टाका. मी घाईत स्पेलिंग चुकवलं (इंजिनिअर असून!) आणि अर्ज अडकला. तपासणीला मात्र मुलाला घेऊन जावंच लागतं. बऱ्याच योजनांना किमान ४० टक्के अपंगत्व लागतं, म्हणून प्रमाणपत्रावरचा आकडा नीट बघा. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक किंवा बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्टचा 'निरामय' आरोग्य विमाही आहे, वर्षाला १ लाखापर्यंत. थेरपीचा खर्चसुद्धा त्यात येतो. ताईचा तो अर्ज आज रात्री भरतोय, स्पेलिंग दोनदा बघून.