नळदुर्गचा पाणीमहाल : शास्त्र आणि कला

वात्स्यायनानें ज्या चौसष्ट कला सांगितल्या, त्यांत गीत, वाद्य व नृत्य यांच्याच पंक्तींत वास्तुविद्या, धातुवाद आणि यंत्रमातृका बसविल्या आहेत. यांतील पहिल्या तीन आज कलेच्या खात्यांत पडतात, उरलेल्या शास्त्राच्या. ही वांटणी अलीकडची असून ती जुन्या वस्तूंस लावूं गेल्यास निम्मी वस्तु हातची जाते. धाराशिव जिल्ह्यांतील नळदुर्गच्या पाणीमहालाविषयीं नेमकें असेंच झालें आहे. शिल्परसिकांनीं त्याची शोभा वर्णिली, स्थापत्यवेत्त्यांनीं धरण वाखाणलें. परंतु दोहोंचा सांधा कोठें आहे हें पाहण्याचे श्रम फारसे कोणी घेतले नाहींत.

नळदुर्ग तुळजापूर तालुक्यांत बोरी नदीच्या कांठीं आहे. नळराजाशीं गांवाचें नांव जोडणारी दंतकथा येथें सोडून देतों. नदीच्या पैलतीरास रणमंडळ हा जोडकिल्ला. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकीर्दींत (इ. स. १५८०–१६२७) या दोहोंमध्यें चिरेबंदी धरण घालून नदी अडविण्यांत आली. तेथील फारसी शिलालेखांत या कामाचें वर्ष पडतें तें इ. स. १६१३, आणि कर्ता म्हणून नांव येतें तें मीर महंमद इमादीन याचें.

धरणाचा हेतु उघड लष्करी आहे : गडास पाणी व शत्रूस अडथळा. पण बांधणारानें त्या भिंतीच्या पोटांतच महाल काढला. माथ्यावरून पायऱ्या उतरून गेलें कीं दालन लागतें; त्याचें तोंड प्रवाहाच्या खालच्या अंगास आहे. पावसाळ्यांत तलाव तुडुंब भरला म्हणजे जादा पाणी सांडव्यांतून कोसळतें. यांतील दोन मोठ्या धबधब्यांस लोक नर व मादी म्हणतात. दालनांत उभा असलेला मनुष्य वाहत्या पुराच्या पातळीखालीं असतो, आणि कोरडा असतो.

हें कसें साधलें? दगडी बांध मुख्यत्वें आपल्या वजनानें पाणी थोपवून धरतो, आणि पाण्याचा दाब तर खोलीबरोबर वाढत जातो. अशा भिंतींत पोकळी ठेवणें म्हणजे तिचें वजन आपण होऊन घटविणें होय. ती कोठें आणि केवढी ठेवावी, तिच्यावरील भार कमानींनीं दोहों बाजूंच्या भरींव बांधकामावर कसा उतरवावा, याचा अदमास ज्यास नाहीं त्यानें महालाच्या भानगडींत पडूं नये. तीच गोष्ट सांडव्यांची. वाट न दिलेलें पाणी माथ्यावरून वाटेल तेथून उतरेल व पायथा खणून काढील. सांडव्यानें त्याची पडण्याची जागा ठरविली, बांध वांचला, आणि तीच जागा दालनांतून दिसेल अशी असल्यामुळें धबधबा हें दृश्य झालें. म्हणजे जी योजना संरक्षणाची तीच शोभेचीही. महालावरील नक्षी निराळी काढतां येईल, सौंदर्य निराळें काढतां येणार नाहीं.

इब्राहीम हा ‘किताब-ए-नवरस’ या दख्खनी गीतसंग्रहाचा कर्ता. त्यांत तो सरस्वती व गणपति यांचें स्तवन करतो, आणि त्यानें विजापुराजवळ वसविलेल्या शहराचें नांवही नवरसपूरच. आमच्या रसशास्त्राच्या परिभाषेंत बोलावयाचें तर पुराचें दर्शन भयाचें; परंतु पाहणारा निर्धास्त असला कीं तेंच विस्मयाचें होतें व अद्भुताचा उदय होतो. ही निर्धास्तता येथें गवंड्यानें पुरविली आहे. धन्याची रसिकता ओळखूनच त्यानें हा बेत केला असावा, असा माझा तर्क आहे.

याच जिल्ह्यांतील परंड्याचेंही एक उदाहरण देण्याजोगें आहे. विजापूरची प्रसिद्ध मलिक-ए-मैदान तोफ इ. स. १५४९ त महंमद बिन हसन रूमी यानें अहमदनगरास ओतली. ती पुढें परंड्याच्या किल्ल्यावर होती, आणि तेथून इ. स. १६३२ त विजापुरीं गेली. तिच्या तोंडाशीं हत्तीस दाढेखालीं घेतलेल्या श्वापदाचा जबडा आहे. तांबें व कथील यांच्या मिश्रणाचें ज्ञान नसतें तर जबडाही नसता आणि गोळाही सुटला नसता.

शिलालेखाचा ठसा घेऊन परतणें ही आमची संशोधकांची जुनी संवय. नळदुर्गास जाणाऱ्यांनीं लेखाबरोबरच सांडव्यांची रुंदी, कमानींचा गाळा, दालनाच्या छताची जाडी व चुन्याचा प्रकार यांचीही टिपणें आणावींत. त्यासाठीं चैत्र-वैशाख बरा, कारण तेव्हां सांडवे सहसा कोरडे असतात व माप घेतां येतें. दालन पाहण्यास मात्र नदी चांगली भरल्यावर, भाद्रपदांत जावें.