दरोड्याचे अपील आणि चौकशीतील दोष

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा झाला. ओरोस येथील सत्र न्यायालयाच्या शिक्षेवरील अपील दीर्घकाळ मुंबईस जाई. १८ ऑगस्ट २०२५ पासून ते उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील सर्किट बेंचपुढे जाते. अंतर घटले, तथापि अपिलाची कसोटी जुनीच आहे. १८९८ च्या फौजदारी संहितेचे कलम ५३७ व १९७३ च्या संहितेचे कलम ४६५ यांनुसार केवळ प्रक्रियेतील चूक पुरेशी नसे. तिच्यामुळे न्यायहानी झाल्याचे दिसावे लागे.

या न्यायहानीचे स्वरूप एका खटल्यावरून ध्यानी येते. जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात पडलेल्या दरोड्यात पाच जण मारले गेले. सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहा आरोपींस फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सहाही जणांस फाशीच दिली. वस्तुतः बचावलेल्या साक्षीदार स्त्रीने पोलिसांच्या छायाचित्रसंग्रहातून निराळेच चौघे ओळखले होते, परंतु त्यांचा तपासच झाला नव्हता. पुनर्विलोकनानंतर ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांस निर्दोष ठरवून प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई देवविली. तोवर सुमारे सोळा वर्षे लोटली होती. अपिलाचे द्वार उघडे असणे आणि दोष वेळीच दिसणे, या दोन भिन्न गोष्टी होत.