वाघोबाशी केलेला करार

जुन्नर-अकोल्याच्या डोंगराकडच्या गावांत फिरलात, तर वेशीवर किंवा रानाच्या तोंडाशी शेंदूर फासलेला एखादा दगड दिसेल. हा वाघोबा. आपण शहरात ज्या दिवशी वसुबारस करतो, त्या दिवशी इथले आदिवासी वाघबारस करतात. नैवेद्य दाखवून गुराखी त्याला विनवतात, आमची गुरं सांभाळ. ज्याची भीती, त्यालाच राखणदार नेमायचं!

यात भाबडेपणा नाही, व्यवहार आहे. वाघ असो की बिबट्या, गावाच्या बोलीत दोघंही 'वाघ'च. तो कधीतरी एखादी शेळी नेणार, हे गृहीतच. पण तो इथलाच आहे, हेही मान्य.

इंग्रज सरकारने हा व्यवहार मोडला. त्यांच्या लेखी वाघ-बिबटे म्हणजे शेती आणि महसुलाच्या आड येणारी उपद्रवी जनावरं. मारा आणि इनाम घ्या. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजानुसार, 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत देशात 80 हजारांहून जास्त वाघ, दीड लाखाहून जास्त बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. शिकारीला कायद्याने लगाम बसला तो 1972 मध्ये.

त्यानंतर जुन्नर भागात बिबट्याचा वावर वाढला, पण जंगलात नाही, उसात. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं झाली, कालवे आले आणि बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. उसात आडोसा, जवळ पाणी, वस्तीवर कुत्री आणि शेळ्या. बिबट्याला आणखी काय हवं? माद्या उसातच विऊ लागल्या. तोडणी सुरू झाली की फडात बछडी सापडू लागली.

लोक घाबरले, पिंजरे लागले. 2001 ते 2003 या काळात जुन्नरमधून 29 बिबटे पकडून सरासरी 40 किलोमीटरवरच्या जंगलांत सोडले. वाटलं, प्रश्न मिटला. पण माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 होते, ते 17 झाले. संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही आकडेवारी मांडली तेव्हा स्पष्ट झालं, की अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर तिथे टिकून राहतंच असं नाही. 2009 मध्ये माळशेज घाटात सोडलेला 'आजोबा' नावाचा बिबट्या तर चालत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. त्याच्यावर पुढे मराठी सिनेमाही आला.

अत्रेय यांनीच अकोल्याच्या शेतांत कॅमेरे लावले. जंगल नाही, दर चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं, तरी शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे निघाले. त्यांचं मुख्य खाद्य होतं कुत्री. म्हणजे बिबटे रोज माणसांच्या शेजारून जात होते आणि बहुतेकदा कुणाला पत्ताही लागत नव्हता.

ही गोष्ट इथेच संपवली असती तर छान वाटली असती. पण 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात काही आठवड्यांत तीन बळी गेले, त्यात दोन मुलं. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला. त्यांना 'सहजीवन' शिकवायला जाणं हा उद्धटपणा ठरेल. शेळी गेली तर भरपाई मिळते, ती उशिरा का होईना पुरते. पोराची भरपाई कशी करणार?

म्हणून करारात आता कोण कोण आहे, ते पाहायला हवं. वाघोबाला नैवेद्य दाखवणाऱ्याला रानाच्या वाटा ठाऊक होत्या. आज उसाच्या कडेला कोपी घालून राहणारा तोडणी कामगार चार-सहा महिन्यांसाठी परमुलखातून आलेला असतो. कोपीला दार नसतं, शौचाला उघड्यावर जावं लागतं, पोरं फडाशेजारीच खेळतात. शेतकऱ्याला रात्री वीज मिळते, म्हणून तो अंधारात पाणी धरायला निघतो. दिवसा वीज द्या, ही इथली मागणी जुनी आहे.

बंदिस्त गोठा, दिवसा वीज, कोपीपाशी उजेड आणि शौचालय. नव्या कराराची कलमं इतकी साधी आहेत. नैवेद्याचा खर्च पूर्वी सगळं गाव वाटून घेई. आता बिबट्या वाचावा असं शहरात बसून म्हणणाऱ्या आपण सगळ्यांनी आणि उसाची साखर खाणाऱ्यांनीही त्यात आपला वाटा घालायला हवा.