सुखयात्रेची पहिली आगबोट

आगबोट बंदरातून सुटते ती कोठे तरी पोहोचण्यासाठी, ही समजूत माणसाच्या मनात इतकी रुजलेली होती की तिच्याविषयी शंका घेण्याचे कारण फारसे कोणाला पडले नाही. व्यापारी माल घेऊन निघे, शिपाई लढाईवर निघे, यात्रेकरू मक्केस किंवा जेरुसलेमला निघे, आणि गावात पोट भरेनासे झालेला शेतकरी परमुलखाची वाट धरी. समुद्र हा या सर्वांच्या वाटेतला अडसर. तो जितक्या लवकर ओलांडला जाईल तितके बरे. परंतु २२ जानेवारी १८९१ रोजी जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरील कुक्सहाफेन बंदरातून ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ नावाची एक आगबोट सुटली, आणि तिच्यावरील २४१ उतारूंपैकी कोणालाही कोठे पोहोचावयाचे नव्हते. दोन महिने भूमध्य समुद्रात हिंडावे, बंदरोबंदरी उतरून नवल पाहावे, आणि २२ मार्चला स्वदेशी परत यावे, एवढाच त्यांचा बेत होता. सागरी सुखपर्यटनाच्या इतिहासाचा आरंभ पुष्कळदा याच सफरीपासून धरला जातो.

ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली तो आल्बर्ट बालिन हा त्या वेळी अवघा तेहतीस वर्षांचा होता. हॅम्बुर्गच्या एका यहुदी कुटुंबात १८५७ साली त्याचा जन्म झाला. वडिलांचा धंदा होता अमेरिकेस जाणाऱ्या निर्वासित गरिबांना जहाजाची तिकिटे मिळवून देण्याचा. १८७४ साली वडील वारले तेव्हा सतरा वर्षांच्या या मुलाच्या अंगावर तो धंदा पडला. त्याने तो इतक्या हुशारीने वाढविला की १८८६ साली हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीने त्याला आपल्या उतारू-खात्याचा प्रमुख करून टाकले. बालिनचे सारे आयुष्य माणसांची ने-आण करण्यात गेले, आणि ती माणसे बहुतांशी सर्वांत स्वस्त तिकिटाची होती, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढची हकीकत नीट उमगते.

सुखयात्रेच्या मुळाशी विलासाची हौस होती असे आपल्याला वाटते. वस्तुतः तिच्या मुळाशी जमाखर्चाची वही होती. कंपनीने मोठा पैसा ओतून दोन मळसूत्री पंख्यांच्या वेगवान आगबोटी बांधल्या होत्या. १८८९ साली पाण्यात फिरू लागलेली ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ ही त्यांतलीच एक, साडेसात हजार टनांहून मोठी. तिला कैसरच्या राणीचे नाव दिले होते, पण देताना त्यात एका अक्षराची चूक झाली आणि ती सुधारावयास १८९७ साल उजाडले! उन्हाळ्यात या बोटी अटलांटिकवर भरभरून जात. हिवाळ्यात मात्र त्या महासागरावर वादळे उठत, उतारू रोडावत, आणि एवढी मोठी बोट धक्क्याला नुसती बांधून ठेवावी लागे. बांधून ठेवलेल्या बोटीचे व्याज काही थांबत नाही. तेव्हा हिवाळ्यात तिला दक्षिणेच्या उबदार समुद्रात पाठवावी आणि हौशी श्रीमंतांकडून भाडे घ्यावे, असे बालिनने सुचविले. कंपनीतील वडीलधाऱ्यांना हा पोरखेळ वाटला असल्यास नवल नाही. बालिन मात्र आपल्या पत्नीला घेऊन स्वतः त्या सफरीवर गेला.

या आधी असे प्रयत्न मुळीच झाले नव्हते असे नाही. १८४४ साली पी. अँड ओ. कंपनीने थॅकरे या इंग्रज कादंबरीकाराला भूमध्य समुद्रातून कैरोपर्यंत फुकट नेले, आणि त्याने त्या प्रवासाचे पुस्तक लिहून कंपनीची चांगलीच जाहिरात केली. १८६७ साली ‘क्वेकर सिटी’ ही वाफेची बोट न्यूयॉर्कहून युरोप आणि पवित्र भूमीच्या सफरीस निघाली. माणशी १२५० डॉलर भाडे भरून निघालेल्या त्या सज्जनांत मार्क ट्वेन हा तरुण वार्ताहर होता. त्याचे भाडे एका वृत्तपत्राने भरले होते. बोटीवरील दिनक्रम त्याने मोठ्या मिस्किलपणे टिपून ठेवला आहे. सायंकाळी प्रार्थना होई, मग भोजनगृहातील लांब मेजांभोवती सारे उतारू आपापली दैनंदिनी उघडून बसत. पहिल्या आठवड्यात पाने भरभरून लिहिली गेली. प्रवास संपेपर्यंत ते व्रत पाळणारे मोजकेच उरले. बोट अथेन्सच्या बंदरात पोहोचली तेव्हा तिला क्वारंटाइनमध्ये ठेवण्यात आले; जमिनीवर उतरावयास बंदी. समोर डोंगरावर अ‍ॅक्रोपोलिस दिसत होते. तेव्हा ट्वेन आणि त्याचे तीन सोबती रात्री गुपचूप होडीतून किनाऱ्यास लागले, द्राक्षांच्या मळ्यांतून चालत गेले, चांदण्यात ते भग्न देवालय पाहिले, आणि उजाडण्याच्या सुमारास बोटीवर परतले. जमिनीवरील तो काही तासांचा वेळ साऱ्या सफरीत संस्मरणीय ठरला, कारण तो कोणी आखून दिलेला नव्हता.

त्याच सफरीतील आणखी एक प्रसंग मला अधिक मोलाचा वाटतो. पॅलेस्टाइनच्या जाफा बंदरात अमेरिकेतून धर्मवेडाने आलेल्या एका वसाहतीची वाताहत झाली होती. त्यांतल्या सुमारे चाळीस निराधार माणसांना ‘क्वेकर सिटी’ने वर घेतले आणि अलेक्झांड्रियापर्यंत पोहोचविले. हौसेने निघालेले आणि घर हरवलेले अशी दोन तऱ्हेची माणसे तेवढ्या अंतरापुरती एकाच डेकवर आली. पुढील इतिहासात ही गोष्ट पुन्हा पुन्हा घडते. फरक एवढाच की पुढे त्यांची एकमेकांशी गाठ पडू नये अशी व्यवस्था होत गेली.

‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’चेच पाहा. उन्हाळ्यात तिच्या वरच्या मजल्यांवर धनिक असत आणि खालच्या वर्गात गाठोडी घेऊन देशांतरास निघालेली कुटुंबे दाटीवाटीने बसलेली असत. सुखयात्रेत तो खालचा वर्ग रिकामा होता. वर भोजनाचा थाट होता, बसावयास सजविलेली दालने होती, फेरफटका मारण्यास लांबरुंद डेक होता. जिब्राल्टर, जिनोआ, अलेक्झांड्रिया, जाफा, बैरूत, कॉन्स्टँटिनोपल, अथेन्स, माल्टा, नेपल्स, लिस्बन अशी बंदरे घेत बोट चालली होती. प्रवासी रोज रात्री त्याच पलंगावर निजत आणि सकाळी खिडकीबाहेर नवा देश पाहत. बिऱ्हाड न हलविता जग हलवावे, ही सोय यापूर्वी राजेरजवाड्यांनाच लाभलेली होती.

पण बंदर म्हणजे काही देखावा नव्हे. जाफाचेच उदाहरण घ्यावे. तेथे मोठ्या जहाजाला लागता येईल असा धक्का त्या काळी नव्हता. बोट दूर खोल पाण्यात नांगर टाकी, आणि किनाऱ्याजवळच्या खडकांच्या रांगेतून वाट काढण्याचे काम तेथील नावाडी करीत. लाट उचलून धरील त्या क्षणी उतारूला शिडीवरून होडीत झेलावयाचे, आणि पुढच्या लाटेबरोबर खडकांमधल्या फटीतून होडी आत घालावयाची, हे पिढ्यानपिढ्यांचे कसब होते. समुद्र खवळला तर बोट कोणालाही न उतरविता पुढे निघून जाई. जाफाहून जेरुसलेमला जाणारी रेल्वे १८९२ साली सुरू झाली; म्हणजे या पहिल्या सफरीतील मंडळींच्या वेळी ती नव्हती. सुमारे साठ किलोमीटरची डोंगराळ वाट त्यांना घोडागाडीच्या धक्क्यांनीच कापावी लागणार होती. नावाडी, गाडीवान, दुभाषा, वाटाड्या, फळे विकणारी मुले, इतक्यांच्या हातांवरून पार होत प्रवासी पवित्र नगरीत जाई.

ख्रिस्तियान विल्हेल्म आलेर्स नावाचा एक चित्रकार या सफरीत होता. त्याने पुढे चित्रांनी भरलेले जे पुस्तक काढले त्याचे नाव जर्मन भाषेतले नाही. ते नाव आहे ‘बक्षीश’! फारसीतून निघालेला हा शब्द तुर्की मुलखात जाऊन पोहोचला, आपल्याकडे येऊन ‘बक्षीस’ झाला, आणि १८९१ साली उत्तर युरोपातल्या प्रवाशांच्या ओठांवर बसून हॅम्बुर्गला गेला. मराठीत बक्षीस म्हटले म्हणजे शाळेतल्या समारंभाची आठवण होते. गुणाला मिळालेली ती दाद असते. बंदरातल्या प्रवाशाने मात्र त्याचा एकच अर्थ ऐकला, पुढे केलेल्या हाताचा. ज्या नावाड्याने त्याला खडकांतून सुखरूप पार केले त्याचे नाव त्याला कळले नाही, कसब समजले नाही. हात तेवढा लक्षात राहिला. साऱ्या पूर्वेच्या सफरीचे सार एका शब्दात सांगण्याची वेळ आली तेव्हा तोच शब्द सुचावा, यात प्रवाशाची कुचेष्टा करण्याचे कारण नाही. एका दिवसासाठी उतरणाऱ्याला हात दिसतो, माणूस दिसावयास अधिक वेळ लागतो.

आणि प्रवासी किनाऱ्यावर गेलेले असताना बोटीवर काय चालत असे? ज्या बंदरात कोळसा भरावयाचा असेल तेथे हाच दिवस बोटीवर सर्वांत काळा असे. केबिनींच्या खिडक्या घट्ट मिटून घेत. कोळशाच्या पडावांतून फळ्यांवरून टोपल्या घेऊन मजुरांच्या रांगा चढत उतरत. सुएझच्या तोंडाशी पोर्ट सैदला तर हे काम किती झपाट्याने होते याची ख्याती जगभर होती. साऱ्या बोटीवर काळी धूळ बसे. मग डेक धुवून, पितळ घासून, सायंकाळपर्यंत सारे पुन्हा लखलखीत करावयाचे. प्रवासी परतत तेव्हा त्यांना बोट सकाळी होती तशीच दिसे. तळाशी बॉयलरपुढे भट्टीत फावड्याने कोळसा लोटणाऱ्या आगवाल्यांना बंदर कोणते आले हे इंजिन थांबल्यावरूनच कळत असेल.

या तळघरापाशी आले म्हणजे आपल्या घराचे दार लागते. जर्मन बोटीवर नव्हे, पण पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर डेकची कामे करणारे खलाशी पुष्कळसे रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे लोक असत. भट्टीपुढे पंजाब आणि सरहद्दीकडील माणसे असत, आणि भोजनगृहात वाढणारे व केबिनी सांभाळणारे बहुधा गोव्याचे ख्रिस्ती असत. सारंग, तांडेल, भंडारी हे शब्द इंग्रज कप्तानांच्या नोंदवह्यांत शिरले ते याच लोकांमुळे. त्यांचे करारनामे वेगळे, पगार गोऱ्या खलाशांहून कितीतरी कमी, आणि निजावयाची जागाही कमी. या कंपनीने १९०४ साली आपली ‘रोम’ ही जुनी बोट ‘व्हेक्टिस’ असे नवे नाव देऊन खास सुखयात्रेसाठी सजविली. मुंबईत धोबी तलावाच्या आसपास गोव्याच्या एकेका गावाची ‘कूड’ असे. दोन सफरींच्या मधल्या काळात गोवेकर खलाशी तेथे उतरे, आपल्या गावच्या संताच्या तसबिरीखाली पेटी ठेवी आणि पुढच्या बोटीची वाट पाही. जग पाहिलेली ही माणसे; पण त्यांच्या दैनंदिन्या कोणी छापल्या नाहीत.

इकडे बालिनचा प्रयोग यशस्वी ठरला. १९०० साली कंपनीने केवळ सुखयात्रेसाठी बांधलेली ‘प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुईझ’ ही नौका पाण्यात सोडली. तिच्यात खालचा वर्ग ठेवलाच नव्हता. ग्रंथालय होते, व्यायामशाळा होती, हौशी छायाचित्रकारांसाठी अंधारी खोलीदेखील होती. १६ डिसेंबर १९०६ रोजी जमैकाच्या बंदरात शिरताना कप्तान ब्रुन्सविग याची दीपगृह ओळखण्यात चूक झाली आणि नौका खडकांवर चढली. उतारू सारे वाचले. कप्तानाने मात्र आपल्या खोलीत जाऊन गोळी झाडून घेतली. सुखाच्या त्या नौकेवर जबाबदारीचे ओझे किती भारी होते, हे त्या रात्री उघड झाले.

बालिनने त्याच सुमारास, १९०१ साली, हॅम्बुर्गजवळ फेडेल येथे देशांतर करणाऱ्या गरिबांसाठी राहण्याजेवणाची व वैद्यकीय तपासणीची प्रशस्त वसाहत उभारली. त्यातही व्यवहार होताच. पण ज्यांच्या तिकिटांवर त्याचे घर उभे राहिले त्यांना तो विसरला नव्हता. पुढे पहिले महायुद्ध आले. बालिनला ते नको होते. इंग्लंडशी सलोखा राहावा म्हणून त्याने खटपटही केली होती. युद्धाने त्याची बंदरे मिटली, आणि त्याच्या बोटी ठिकठिकाणी अडकून पडल्या. ९ नोव्हेंबर १९१८ रोजी, ज्या दिवशी कैसरच्या पदत्यागाची घोषणा झाली त्याच दिवशी, गुंगीच्या औषधाची अतिमात्रा घेऊन तो हॅम्बुर्गमध्ये मरण पावला.

आज हजारो प्रवाशांना घेऊन चालणाऱ्या सुखनौका आहेत. त्यांपुढे ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ होडीसारखी दिसेल. एका सकाळी एवढी माणसे गावात उतरली म्हणजे गावाची काय अवस्था होते, याची चिंता आता बंदरांनाच लागली आहे. व्हेनिसने तर १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या नौकांना शहराच्या मुख्य जलमार्गात येण्यास बंदी केली. आणि त्या नौकांच्या भोजनगृहांत, स्वयंपाकघरांत, यंत्रशाळांत आजही गोव्याची आणि कोकणची मुले आहेत. घरी पैसे पाठवीत आहेत, करार संपण्याचे दिवस मोजीत आहेत. बंदरात दिवसभर उतरण्याचा योग आपणांस येईल तेव्हा ज्याने शिडीवर हात दिला त्याचे गाव तेवढे विचारावे. त्याला द्यावयाचे बक्षीस त्या प्रश्नातच आहे.