समुद्रापासून दूर बसून लाटांचें गणित

बीड जिल्ह्यांतील गेवराई तालुक्याच्या उत्तरेस गोदावरी वाहते. राक्षसभुवनच्या उथळ काठावर उभें राहून पाहावें. नाव कोणत्याही दिशेनें जावो, तिनें उठविलेल्या लाटा काठाशीं येतां येतां वळतात आणि जवळजवळ काठाला समांतर होऊन वाळूवर विरतात. लाटेचें जें टोंक आधीं उथळ पाण्यांत शिरतें तें मंदावतें. खोल पाण्यांतलें टोंक पुढें सरकत राहतें. म्हणून सारी लाट वळते.

कोंकणच्या किनाऱ्यावर हाच नियम चालतो. दहा सेकंदांच्या अंतरानें येणारी समुद्रलाट खोल पाण्यांत सुमारें १५६ मीटर लांब असते. पाण्याची खोली तिच्या निम्म्याहून, म्हणजे सुमारें ७८ मीटरांहून, कमी झाली कीं लाटेला तळ जाणवूं लागतो. मग ती मंदावते, आंखूड होते, किनाऱ्याशीं उंच होते आणि अखेर फुटते.

गेवराईहून समुद्र दीडशे मैलांहून अधिक दूर. मग येथून ही चर्चा कशासाठीं, असें कोणी विचारील. परंतु या शास्त्राचा इतिहासच पुष्कळसा समुद्रापासून दूर घडला आहे. नॉटिंगहॅम हें इंग्लंडच्या अंतर्भागांतील शहर. तेथें वडिलांच्या पवनचक्कीवर काम करीत बहुतांशीं स्वतःच गणित शिकलेल्या जॉर्ज ग्रीन यानें १८३७ सालीं उथळ कालव्यांतील लाटांचा नियम मांडला. त्याप्रमाणें खोली हळूहळू सोळाव्या हिश्श्यावर आली, तर न फुटणारी लांब लाट दुप्पट उंच होते.

नियम सांपडला, पण किनारा कालव्यासारखा सरळ नसतो. खडक, खाड्या व वाळूचे दांडे यांच्यावरून जाणाऱ्या लाटेचा हिशेब मांडावयाचा तर आंकडेमोड संपत नाहीं. १९४४ सालीं नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरविण्याची वेळ आली, तेव्हां स्वेरड्रुप व मंक या शास्त्रज्ञांनीं बसविलेली रीत लाटांच्या भाकितासाठीं उपयोगीं पडली. त्या काळीं किनाऱ्याजवळ लाटा कशा वळतील हें नकाशावर हातानें रेषा ओढून काढीत.

दुसरा मार्ग प्रतिकृतीचा. पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राचा आरंभ १९१६ सालीं मुंबई इलाख्यांत सिंचनाच्या प्रश्नांसाठीं झाला; पुढें तेथें बंदरांच्याही प्रतिकृती उभ्या राहिल्या. शंभरांश मापाच्या प्रतिकृतींत काळ दहापट वेगानें धांवतो. समुद्रांत दहा सेकंदांनीं येणारी लाट तेथें एका सेकंदांत येते. अशा रीतीनें सह्याद्रीच्या पूर्वेस, डोंगरांच्या कुशींत, समुद्र हौदांत उतरविला गेला.

मग संगणक आला. १९७२ सालीं डच संशोधक बर्खोफ यानें लाटांचें वळणें आणि आडोशामागें पसरणें या दोन्ही गोष्टी एकाच समीकरणांत बसविल्या. १९९० नंतरच्या दशकांत डेल्फ्ट येथें ‘स्वॉन’ ही संगणकप्रणाली तयार झाली. समुद्राचे लहान चौकोन पाडून, प्रत्येक चौकोनांत लाटांची किती शक्ति आली, किती गेली आणि किती फुटण्यांत खर्ची पडली, याचा जमाखर्च ती मांडते. १९४८ पर्यंत गेवराई ज्या हैदराबाद संस्थानांत होती, त्याच्या राजधानींत १९९९ सालीं महासागर माहिती सेवा केंद्र स्थापन झालें. तेथून आज मच्छिमारांना लाटांचीं भाकितें दिलीं जातात. समुद्र तेथूनही दूरच!

या इतिहासांतून एक गोष्ट मनांत ठेवावी. संगणकानें लाटेचा मूळ नियम शोधला नाहीं. त्यानें आंकडेमोडीला हात पुरविले. समुद्राचा तळ मात्र त्याला कोणीतरी मोजूनच द्यावा लागतो. पावसाळ्यांत खाडीच्या मुखाशीं असलेला वाळूचा दांडा सरकला आणि हिशेबांत जुनीच खोली राहिली, तर गणित बिनचूक असूनही लाट भलत्याच जागीं फुटेल, आणि त्या जागीं एखादी होडी असेल. दूर बसून हिशेब करणाऱ्यावर म्हणूनच समुद्राशीं पुन:पुन्हां ताळा पाहण्याची जबाबदारी अधिक.

नदी जन्मभर ओळखीची असली, तरी जाणता नावाडी पुरानंतर बांबू पाण्यांत घालून खोली पाहतो, आणि मगच नाव सोडतो.