बनारसीदासांची गावं



समयसार नाटकाचा स्वाध्याय तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी केला असेल. पण ते रचणारे कविवर बनारसीदास जवाहिऱ्याच्या घरातले होते, आणि त्यांचं निम्मं आयुष्य मोती, माणकं आणि कापडाची गाठोडी घेऊन जौनपूर-आग्रा रस्त्यावर गेलं, हे स्वाध्यायात सहसा कुणी सांगत नाही. १६४१ साली, पंचावन्नाव्या वर्षी, आग्र्यात बसून त्यांनी आपली हकीकत ६७५ पद्यांत लिहिली. माणसाचं आयुष्य ११० वर्षांचं धरलं तर ही निम्म्याचीच गोष्ट, म्हणून नाव ठेवलं ‘अर्धकथानक’. पंडित नाथूराम प्रेमींनी संपादित केलेली त्याची आवृत्ती १९४३ मध्ये आपल्या मुंबईतूनच निघाली होती.

मी हे पुस्तक दोनदा वाचलं. पहिल्यांदा धर्मासाठी वाचलं, दुसऱ्यांदा गावांसाठी. अकबर, जहांगीर, शाहजहान अशा तीन बादशहांच्या काळात फिरलेला हा माणूस. त्यांची आवडती शहरं कुठली असं कुणी विचारलं असतं, तर त्यांनी जौनपूर आणि आग्रा अशी दोन नावं सांगितली असती. मला मात्र दुसरीच दोन गावं दिसतात, ती पुढे येतीलच.

जौनपूर हे त्यांचं जन्मगाव. १५८६ चा जन्म. गोमतीच्या काठचं हे शहर फिरोजशाह तुघलकाने वसवलं, आणि पुढे शर्की सुलतानांची ती राजधानी झाली. बनारसीदास त्याचं वर्णन करू लागतात तेव्हा माहेरचं कौतुक सांगणाऱ्या लेकीसारखे थांबतच नाहीत. बावन्न परगणे, बावन्न बाजार, बावन्न सराया! सगळंच कसं बावन्न, हे विचारायचं नाही. मला त्याहून आवडते ती कारागिरांची यादी. तांबोळी, रंगारी, धुनिया, कागद करणारे, लाखेच्या बांगड्या करणारे, मोत्यांना भोकं पाडणारे, शोभेची दारू करणारे, शाकारणी करणारे, अशा छत्तीस जाती त्यांनी ओळीने मोजल्या आहेत. मशिदी-महालांची वर्णनं पुष्कळांनी केली, पण त्या गावात कुणाचे हात काय काम करत होते हे या वाण्याच्या मुलाने लिहून ठेवलं.

त्याच घरातली एक नोंद वाचून मी पुस्तक मिटून बसले होते. अकराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं. नवी सून घरात आली, त्याच दिवशी त्यांच्या आईला मुलगी झाली आणि त्याच दिवशी म्हातारी नानी गेली. एका घरात, एका दिवशी तिन्ही. सुतक, सोहर आणि गृहप्रवेश त्या बायकांनी कसे निभावले असतील? दारात आलेल्या त्या पोरीला कुणी ओवाळलं असेल?

१५९८ मध्ये जौनपूरचा हाकीम किलीच खान याने शहरातले सगळे जवाहिरे पकडून कोंडले. हवी ती चीज मिळाली नाही म्हणून त्यांना फटके मारले आणि सोडून दिलं. सुटलेले जवाहिरे रातोरात बायकामुलं घेऊन जिकडे वाट फुटेल तिकडे गेले. बनारसीदासांचे वडील खरगसेन कुटुंबासह शहजादपूरला पोचले, तेव्हा धो धो पाऊस होता आणि डोक्यावर छप्पर नव्हतं.

हे शहजादपूर माझ्या यादीतलं पहिलं गाव. अलाहाबादच्या वरच्या अंगाला, गंगेकाठी. तिथे करमचंद नावाचा एक माहूर वाणी भेटला. त्याने आपलं राहतं घर या लोकांना मोकळं करून दिलं आणि स्वतः दुसरीकडे राहायला गेला. नुसतं घर दिलं नाही. त्यात धान्य भरलेलं, भांडीकुंडी, खाटा, अंथरूण-पांघरूण, सगळं जागच्या जागी. परक्या घरात आसरा मागून राहणं आणि भरल्या घराची किल्ली हातात मिळणं यातला फरक कुठल्याही गृहिणीला सांगावा लागत नाही. करमचंदाच्या बायकोचा उल्लेख मला आठवत नाही, पण ते धान्य निवडून, पाखडून कुणी भरलं होतं हे आपल्याला ठाऊक आहे. दहा महिने हे कुटुंब तिथे राहिलं. वडील व्यापारासाठी अलाहाबादला गेले, आणि मागे राहिलेला बारा वर्षांचा पोरगा कवड्यांची खरेदी-विक्री करून रोजचे एक-दोन टके मिळवू लागला. पहिली कमाई त्याने आजीच्या हातावर ठेवली. आजीने तिचं गोडधोड करून वाटलं!

बनारस त्यांना नाव देणारं शहर. मूळ नाव विक्रमाजीत. काही महिन्यांचं बाळ घेऊन आईवडील पार्श्वनाथांच्या यात्रेला बनारसला गेले. तिथल्या पुजाऱ्याने डोळे मिटून ध्यान केल्यासारखं केलं आणि सांगितलं, की प्रभूंच्या यक्षाने दर्शन दिलं, मुलाला प्रभूंच्या जन्मनगरीचं नाव द्या, तो दीर्घायुषी होईल. आधी मूल गेलेलं. आईवडिलांनी लगेच मानलं. बनारसीदास मोठेपणी हे लिहिताना पुजाऱ्याचं सोंग सोंगच म्हणतात, पण नाव मात्र त्यांनी आनंदाने मिरवलं. पुढे पार्श्वनाथांचं दर्शन होईपर्यंत दूध, तूप, तांदूळ अशा पदार्थांचा त्याग करून ते बनारसला गेले. आपला रसत्याग तोच. आपण यात्रेला जातो तेव्हा भेलूपूर, भदैनी, सिंहपुरी, चंद्रपुरी अशी चार तीर्थंकरांची जन्मस्थानं करतो, त्यातलं भेलूपूर हे पार्श्वनाथांचं.

आग्र्याला ते पहिल्यांदा स्वतंत्र व्यापाराला गेले आणि बुडाले. काही रत्नं वाटेत हरवली, काही माल तोट्यात गेला, जवळचं सगळं संपलं. संध्याकाळी ते भाड्याच्या खोलीत ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ वाचायचे, दहावीस माणसं ऐकायला जमायची. त्यांतला एक कचोरीवाला. त्याच्याकडून हे रोज उधारीवर कचोऱ्या खायचे. एके दिवशी त्यांनी त्याला एकांतात खरं सांगितलं, की माझ्याकडे पैसे नाहीत, मला उधार देऊ नकोस. कचोरीवाला म्हणाला, वीस रुपयांपर्यंत खुशाल खा, कुणी काही म्हणणार नाही. सहा-सात महिने असे गेले. पुढे कमाई झाल्यावर हिशेब केला तो १४ रुपये निघाला, आणि तो त्यांनी चुकता केला.

हा १४ चा आकडा लक्षात ठेवा, कारण आता खैराबाद येतं.

खैराबाद म्हणजे आजच्या सीतापूरजवळचं गाव, त्यांची सासुरवाडी. बायकोची ओळख कल्याणमलची लेक एवढीच. लग्नानंतर तिला आणायला गेले तेव्हा अंगभर फोड उठले. लोक जवळ येईनात. अंगाला लेप लावायला आणि हाताने भरवायला दोघीच उरल्या, बायको आणि सासू. वैद्यकी जाणणाऱ्या एका न्हाव्याने अळणी चण्यांवर ठेवून त्यांना बरं केलं.

आग्र्यात बुडाल्यावर काही वर्षांनी ते पुन्हा त्याच दारात उभे राहिले. रात्री बायकोने विचारलं, काय कमावलं? आधी टाळाटाळ झाली, मग खरं सांगितलं. ती रागावली नाही. आपल्याजवळचे साठवलेले २० रुपये काढून तिने त्यांच्यापुढे ठेवले आणि म्हणाली, धीर धरा, पुन्हा आग्र्याला जा. मग आईकडे जाऊन गुपचूप सांगितलं. आईने स्वतःचे २०० रुपये दिले, तेही गुपचूप.

आता हिशेब करा. १४ रुपयांत एका माणसाचं सहा-सात महिने पोट भरत होतं, म्हणजे महिन्याला साधारण दोन रुपये. तिने दिलेले २० रुपये म्हणजे नऊ-दहा महिन्यांचं अन्न. ते तिने कशातून आणि किती वर्षांत बाजूला काढले असतील? डब्यातळी, साडीच्या घडीत पैसे ठेवणाऱ्या आपण, म्हणून हा प्रश्न आपल्याला पडतो. आणि सासूचे २०० रुपये? त्या रकमेच्या जोरावर कापड आणि मोती घेऊन जावई पुन्हा आग्र्याला गेला. अर्धकथानकावर लिहिणारे विद्वान अकबराच्या मृत्यूची बातमी, प्लेगचं वर्णन, व्यापाराच्या पद्धती याबद्दल पानंच्या पानं लिहितात, आणि ते योग्यच आहे. पण या २२० रुपयांशिवाय बनारसीदासांना पुन्हा आग्रा दिसलं असतं असं मला वाटत नाही.

ती पत्नी पुढे बाळंतपणात गेली, बाळही गेलं. ती बातमी आणि तिच्या धाकट्या बहिणीशी ठरवलेली त्यांची सोयरीक एकाच पत्रातून आली. त्यानंतर आणखी एक लग्न झालं. सगळी मिळून नऊ अपत्यं, सात मुलगे आणि दोन मुली. एकही जगलं नाही.

आग्रा मात्र सुटलं नाही. तिथेच त्यांचा कोरडा अध्यात्मवाद झाला, ज्यात मित्रांबरोबर खोलीत कपडे काढून आम्ही मुनी झालो म्हणत नाचण्यापर्यंत मजल गेली. तिथेच पांडे रूपचंदांकडून गोम्मटसार ऐकून गाडी रुळावर आली. श्वेतांबर घरात जन्मलेल्या या माणसाने १६३६ मध्ये कुंदकुंदाचार्यांच्या समयसारावरचं नाटक पूर्ण केलं ते त्याच शहरात. यमुनेकाठी तेव्हा ताजमहालाचं काम चाललं होतं. मला आग्र्याचं नाव निघालं की तो कचोरीवाला आठवतो.

पुस्तकाच्या शेवटी बनारसीदास आपल्या गुणांची आणि दोषांची यादी देतात, दुकानदाराने वर्षअखेरीला जमाखर्च मांडावा तशी. राग थोडा आणि लोभ फार, असं ते स्वतःबद्दल लिहितात. आणि घरात कुणी नसलं की एकटेच नाचतात, हेही.