भिंतीपलीकडचा धूर

फ्रेंच साहित्यिक झाँ जने (१९१०–१९८६) हे नाटककार म्हणून आपल्याकडील जाणत्या वाचकांना परिचित आहेत. त्यांनी दिग्दर्शित केलेल्या एकमेव चित्रपटाची वार्ता मात्र फारच थोड्यांना असेल. ‘प्रेमगीत’ अशा अर्थाचे नाव धारण करणारा हा सुमारे पंचवीस मिनिटांचा कृष्णधवल चित्रपट १९५० साली तयार झाला. नाव गीताचे असले तरी त्यात ना संवाद, ना संगीत. निर्मितीचा भार पॅरिसमधील एका रात्रगृहाचे मालक निकोस पापाताकिस यांनी उचलला होता.

जने यांनी तुरुंगवास स्वतः भोगलेला होता. सार्त्र व कोक्तो यांनी केलेल्या विनंतीनंतर १९४९ साली राष्ट्राध्यक्षांनी त्यांना माफी दिली. त्यामुळे चित्रपटातील कोठडी अनुभवातून आलेली आहे. शेजारच्या दोन कोठड्यांत दोन पुरुष कैदी. मधल्या भिंतीला बारीकसे छिद्र. एक जण त्यातून गवताची पोकळ काडी सरकवतो आणि सिगारेटचा धूर पलीकडे सोडतो. दुसरा तो ओठांनी टिपून घेतो. प्रत्यक्ष स्पर्शाला वाव नसलेल्या ठिकाणी श्वास हाच स्पर्श होतो. दाराच्या भोकातून हे सारे चोरून पाहणारा पहारेकरी आतून पेटतो आणि अखेर मारहाणीवर उतरतो. अधिकार त्याच्या हाती आहे, जवळीक नाही.

पुढे या चित्रपटावरही पहारा बसला. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये तो दाखविल्याबद्दल जोनास मेकास यांना अटक झाली. कॅलिफोर्नियातील न्यायालयाने १९६६ साली तो अश्लील ठरविला आणि १९६७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी तो निर्णय कायम केला. स्वतः जने यांनीही पुढे या कृतीकडे पाठ फिरविली. १९७५ साली फ्रेंच शासकीय चित्रपटसंस्थेने देऊ केलेला पुरस्कार त्यांनी नाकारला.

आमच्या मते या चित्रपटाचे मर्म पहारेकऱ्याच्या पात्रात आहे. प्रेक्षकही त्याच्याच भोकातून पाहत असतो. शेवटी पहारेकरी तुरुंगापासून दूर निघून जातो, आणि एका खिडकीतून दुसरीकडे झुलविला जाणारा, वारंवार निसटलेला फुलांचा गुच्छ त्याच्या पाठीमागे शेजारच्या हाताला गवसतो. पाळत सरल्यावरच ती भेट पूर्ण होते.